पाटीवरचा भाव

माझ्या दुकानाच्या दारात पाटी आहे.
हॅडॉक इतके, मॅकरेल इतके, लॉबस्टर आज नाही.
खडूनं लिहिलेलं. धुक्यानं ओघळलं तर पुन्हा गिरवलेलं.
पाद्री आला तरी तोच आकडा,
आदल्या रात्रीची अजून न उतरलेला रॉडरिक आला तरी तोच.

म्हणून मला उमगेना,
डेल्फीनच्या फोनचं बिल एकोणतीस डॉलर
आणि माझं एकसष्ट कसं.

खांब एक, तार एक.
केप ब्रेटनच्या या टोकाला मोबाइल शिरतच नाही,
डोंगर आडवा येतो.
गेल्या हिवाळ्यात बर्फानं तार तुटून तिच्या कुंपणावर पडली
तेव्हा तीन दिवस मुक्या दोघीही होतो.

"मला कुणी सांगितलंच नाही," मी म्हणाले.
"मी विचारलं," डेल्फीन म्हणाली
आणि बिस्किट चहात बुडवलं.

रात्री चष्मा चढवून बिल वाचलं,
एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
मूळ भाडं. बरं.
घरातल्या तारेची निगा: आठ डॉलर.
ती तार हेक्टरनं ठोकली होती, भिंतीच्या कडेकडेनं, वाकडी;
तिची निगा म्हणजे ईस्टरच्या आधी मी तिच्यावरून फिरवते ते फडकं.
बटणांची सोय: दोन डॉलर ऐंशी.
माझ्या फोनला बटणं नाहीत.
तबकडी आहे, बोट घालून फिरवायची.
नऊ फिरवला की तो परत येईतो
एक जांभई होते.

सकाळी फोन लावला.
विक्रीसाठी एक दाबा. तक्रारीसाठी दोन दाबा.
दाबायला काही नव्हतं.
मी थांबले.
वायर लांब आहे, सिंकपर्यंत पोचते.
सात मॅकरेल साफ झाले, आठव्याचं पोट फाडलं
तेव्हा एक मुलगा बोलला, सर्दी झालेला. ब्रेनन.

हो मॅडम, अशी योजना आहे.
कुठे छापली आहे?
छापलेली नाही, मॅडम.
मग कळायचं कसं?
तुम्ही विचारलं तर आम्ही सांगतो.

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, ठाऊक आहे मला.
पण ही कुठली आई,
जी रडणाऱ्याला विचारते,
नेमक्या कोणत्या दुधासाठी रडतोस,
योजनेचं नाव सांग?

मी सुरी खाली ठेवली.
"ब्रेनन, अजून काय काय आहे
जे मी विचारलेलं नाही?"

तो गप्प. मागे शंभर आवाज, शंभर ब्रेनन.
मग नाक ओढून, हळूच:
"ते मला सांगता येत नाही.
पण 'मी सोडून चाललेय' असं म्हणून बघा."

हे वाक्य या स्वयंपाकघरात
याआधी एकदाच बोललं गेलं होतं.
मी नव्हतं बोलले.
आणि तेव्हा मी भाव उतरवला नव्हता,
एका पैनं नाही.

"मी सोडून चाललेय," मी म्हणाले. मॅकरेलकडे बघून.
"तेवीस डॉलर," कंपनी म्हणाली. लगेच. तोंडातून वाक्य पुरतं सुटायच्या आत.

तेवीस!
एकवीस वर्षं हा आकडा कुठल्या खणात होता?

खोटं कशाला बोलू,
दोन दिवस मी डेल्फीनला काही सांगितलं नाही.
ती चहाला आली, एकोणतीसची ऐट घेऊन,
आणि मी मूठ झाकून बसले.
बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.
ती गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं
की दोन दिवसांत मीही
एक छोटीशी फोन कंपनी झाले आहे.

तिसऱ्या दिवशी खडू घेतला.
हॅडॉकच्या खाली, लॉबस्टरच्या वर, ठळक:
घरचा फोन, तेवीस.
'सोडून चाललेय' म्हणायचं.

डेल्फीननं वाचलं आणि माझ्याशी बोलली नाही.
दुपारपर्यंत.

रॉडरिकनं मात्र बराच वेळ वाचलं, दाराला धरून.
मग विचारलं, "ताजा आहे का?"

म्हटलं, बारा महिने टिकतो.
पुढे पुन्हा विचारावं लागतं.